दोघं हाव आमी

नाव-गाव विचारायच्या आधी गौराकाकूंनी मला विचारलं, "देव कुठं ठिवलाव?"

मी खांद्यावरचं गाठोडं त्यांच्या ओट्यावर टेकवत होतो. मला वाटलं, गाठोड्यात देव असतील तर ते भुईवर ठेवू नयेत म्हणून विचारत असतील. घाईघाईने म्हणालो, "देव घरी आहेत. कोकणात. दादाकडे."

"समदे?"

"हो. भावाभावांत वाटणी झाली तरी देव थोरल्याकडेच राहतात आमच्यात."

"मंग तुमी इतक्या लांब कुनासंग आलाव?"

"एकटाच आलो."

उन्हात अनवाणी चालत आलेल्या माणसाच्या पायांकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. "बसा. कोकन म्हंजे लईच लांब की. तितं समुद्र अस्तो म्हनं."

असतो, म्हणालो, आणि पाणी प्यायलो.

मी जातीचा आणि धंद्याचाही शिंपी. वडील गेले तेव्हा चौथीत होतो. शाळा तिथेच सुटली ती सुटलीच. काकांच्या हाताखाली सुई धरली. पुढे एका ओळखीच्या शिंप्याने निरोप धाडला की मोगलाईत, बीडला, कचेरीतल्या लोकांच्या शेरवान्या शिवायला माणसं हवीत. निजामाच्या मुलखाला आमच्याकडे तेव्हा मोगलाई म्हणत. नगरपासून बैलगाडीने आलो. वाटेत कडा नावाच्या गावी मुक्काम पडला, तिथे पहिल्यांदा जोंधळ्याची भाकरी खाल्ली आणि परत फिरावं का असा विचार करत रात्र काढली. माझा स्वभाव असा. निघायला घाबरतो आणि परतायलाही घाबरतो. बीडला पाट्या उर्दूत, कचेरी उर्दूत, आणि मराठी होती तीही माझ्या कानाला अनोळखी. दुकानात शेजारी बसणारे दोघे संध्याकाळी आपापल्या घरी जात. मग सांजेला कोणाशी बोलावं हा प्रश्न असायचा. शेरवान्यांना गळ्यापर्यंत बटणं लावायची, कात्री पुसून ठेवायची आणि काकूंनी राहायला दिलेल्या पडवीतल्या खोलीत येऊन बसायचं.

काकू लिंगायत वाणी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत तेल-मीठ-डाळीचं लहानसं दुकान, मागे चूल. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर भस्माची तीन बोटं. बोलताना त्यांचा उजवा हात सारखा गळ्याकडे जायचा. तिथे दोऱ्यात एक मळकट वस्त्र गुंडाळलेलं असे, आणि त्यात त्यांचं लिंग. लिंगायतांत मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत स्वामी त्याला लिंग देतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. मला हे काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही एवढ्या घरात एकट्याच राहता?"

हात गळ्याकडे गेला. "एकटी कुठं? दोघं हाव आमी."

रोज सकाळी आंघोळ करून त्या ते वस्त्र सोडत, काळंभोर गुळगुळीत लिंग डाव्या तळहातावर घेत, पाणी घालत, बेलाचं पान ठेवत आणि त्याच्याकडे बघत बसत. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक आलं तर बाहेरच थांबायचं. जेवताना पहिला घास त्याला दाखवल्याशिवाय तोंडात जात नसे. भांडणही त्याच्याशीच. डाळ करपली की, "बसलास बगत, सांगायचं न्हाई व्हय?" मी दाराआड हसायचो. हसताना बरंही वाटायचं, कारण त्या घरात कोणीतरी कोणाशी तरी बोलत होतं.

माझ्या गळ्यात माप घ्यायची फीत असे. ती मी दुकानातून येताना काढायला विसरायचो. काकू म्हणायच्या, "तुज्या बी गळ्यात हाय की रं कायतरी, कोकन्या. बोल की त्याच्यासंग." एव्हाना मी 'तुमी'वरून 'तू' झालो होतो. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप आला तेव्हापासून. अंगावर वाकळा घालून त्या उशाशी बसून राहत आणि गळ्यातल्याला सांगत, "ह्याचा देव लांब ऱ्हायलाय. तवर तूच बघ ह्याच्याकडं." ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. मी बरा झालो, आणि त्या बाईचं मी काय लागतो, काहीच नाही, हे आठवून रडलो.

काकूंच्या ओट्यावर रोज दुपारी टेकणारा माणूस म्हणजे दगडूमियाँ भिश्ती. पाठीवर पाण्याने फुगलेली कातडी मशक, कंबरेत वाकलेला, दाढी मेंदीने तांबडी. बिंदुसरा नदीचं पाणी तो कचेरीतल्या साहेबलोकांच्या घरी भरायचा. काकूंच्या घरात ते पाणी चालत नसे. पिण्याचं पाणी त्या स्वतः आणत. पण शेवटच्या फेरीतलं उरलेलं पाणी दगडूमियाँ त्यांच्या अंगणात शिंपडायचा, धूळ बसावी म्हणून. काकू त्याला ताक देत, वरून ओतून. त्याचा पेला बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे.

ताक संपलं की दोघांचं सुरू व्हायचं.

"दगडू, तुज्या नावात बी दगूड हाय, आन तू दगडाला देव म्हनंना. हे कसं रं?"

"नाव मायनं ठिवलं, काकू. माझ्या आधीची लेकरं जगंनात. माय म्हनली, ह्याला दगडू म्हना. दगडाला कोन उचलून नेतंय?"

"बग. तुज्या मायला बी दगडाचाच आसरा!"

दगडूमियाँ मशकीवर थाप मारून हसायचा. "आमचा कुठंच ठिवायचा न्हाई, काकू. ठिवला की तेवढाच झाला."

"आन न्हाई ठिवला तर घावनार कुठं?"

"तो कुठं हारवतो घावायला?" मग माझ्याकडे वळून, "काय बे दर्जी, तुजा काय म्हनतोय? कोकनातून हाक ऐकू येते का त्याला?"

मी गळ्यातली फीत गुंडाळायला लागायचो. मला खरंच माहीत नव्हतं. आमचे देव म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, पूर्वजांच्या हाताने झिजलेले. सणाला त्यांना बोलवायचं, जेवू घालायचं. घर सोडलं की ते मागे राहतात. मी इतका लांब आलो तेव्हा ते माझ्यावर रागावले असतील का, ही भीती मला पुष्कळ दिवस होती.

थंडीत एक मानभाव, म्हणजे महानुभाव पंथातल्या, बाई भिक्षेला यायच्या, काळं लुगडं, डोकं मुंडवलेलं. दोन्ही हात जोडून "दंडवत" म्हणायच्या. काकूंनी त्यांनाही विचारलं, देव कुठं असतो तुमचा. बाई म्हणाल्या, "आमचे स्वामी आले, बसले, जेवले, बोलले, आन उठून गेले. जितं बसले ती जागा हाय. आमी त्या जागंला हात लावतो आन आठवतो."

काकूंनी भिक्षा घातली. बाई गेल्यावर म्हणाल्या, "लई अवघड देव हाय बाई त्यांचा. गेल्यालाच जपायचं." मला मात्र तो देव लगेच कळला. आमच्या घरी चुलीपाशी आई बसायची ती जागा मला तशीच आठवायची.

लिंगायतांची कपिलधारेची जत्रा जवळ आली की काकू घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर धुवायला नेत. त्या वर्षीही नेल्या. दुपारी परतल्या, भिंतीवर वाकळा वाळत घातल्या, हातपाय धुऊन जेवायला बसल्या. मीही त्या दिवशी घरीच होतो. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, उजवा हात गळ्याकडे गेला, आणि तिथेच राहिला.

दोरा तुटला होता. वस्त्रही नव्हतं आणि आतलं लिंगही.

त्यांनी ताट बाजूला सारलं. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "गेला की रं."

आम्ही संध्याकाळपर्यंत नदी धुंडाळली. पाणी गुडघाभर, नितळ, पण बिंदुसरेत काळ्या गोट्यांना काय तोटा? वस्त्र एका झुडपाला अडकलेलं मिळालं, रिकामं. गल्लीतल्या लोकांनी दिसेल तो काळा गोटा उचलून आणला. काकू प्रत्येकावरून नुसती नजर फिरवायच्या. "न्हाई." ओट्यावर ढीग झाला तेव्हा एकदाच हसल्या. "माज्या दारात कैलासच आनून टाकलाव की."

पण पोटात काही जाईना. त्याला दाखवल्याशिवाय घास नाही, आणि दाखवायला तो नाही. पाणीसुद्धा नाही. मठातले स्वामी आले. वृद्ध आणि शांत माणूस. म्हणाले, "बाई, दुसरं देतो. शिव तोच असतो."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "स्वामी, तुमी म्हनताव ते बराबरच असंल. पन नव्याला माजं काय ठावं? मी जलमले तवापून ह्यो संग व्हता. मालक मागून आले, आधी गेले. मी कवा रडले, कवा उपाशी झोपले, समदं ह्याला ठावं. नव्याला कुटून सांगत बसू?"

स्वामींनी पुष्कळ समजावलं आणि उद्या परत येतो म्हणून गेले. ओट्याच्या खाली उभा राहून दगडूमियाँ हे सगळं ऐकत होता.

"काकू, पानी तरी घ्या."

"तुजा रोजा अस्तो तवा मी म्हनते का, पानी घे?"

"रोजा सांजंला सुटतो, काकू. तुमचा कवा सुटनार?"

काकूंनी तोंड भिंतीकडे केलं. दगडूमियाँने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या घरातलं माणूस डोळ्यांदेखत विझत चाललं होतं, आणि मला तर या मुलखात दुसरं घरच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंना उठून बसवेना. ओठ सुकले होते. मी दुकानाला गेलो नाही. दारात बसून होतो. दुपार कलायच्या सुमारास नदीवरून माती आणणारा कुंभार गाढवं तशीच रस्त्यात सोडून पळत आला आणि गल्लीच्या तोंडापासूनच ओरडला, "दगडू घावला! नदीत दगडू घावला!"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग समोरच्या घरातून एकीने किंकाळी फोडली. "अगं बाई, बुडाला! काकूच्या लिंगासाठी पान्यात शिरला आन बुडाला!" दगडूमियाँच्या घरापर्यंत ओरड पोचली. त्याची बायको ऊर बडवत बाहेर आली. मी उठून रस्त्यावर आलो. मी वळून पाहिलं तर काकू दारात उभ्या.

उठवत नव्हतं त्या बाईला. कशा उठल्या, मला आजही सांगता येणार नाही. "माज्यापायी मेला गं," एवढंच म्हणाल्या आणि पळत सुटल्या. डोक्यावरचा पदर पडला, तोही त्यांनी सावरला नाही. मी मागून धावतोय, हात धरायला बघतोय, तर हाताला लागेनात.

नदीवर पोचलो. पात्राच्या मधोमध दगडूमियाँ उभा. जिवंत. पाय फाकवून, पाण्याच्या धारेकडे तोंड करून, पाठीवर भरलेली मशक. काठावर साहेबांच्या घरचा शिपाई त्याला शिव्या घालत होता की सकाळपासून रांजण कोरडे आहेत, आणि हा इथून हलत नाही.

"येऊ नगा!" दगडूमियाँ आम्हाला ओरडला. "गाळ उठंल! काकूला येऊ द्या फकस्त!"

काकू पाण्यात शिरल्या, त्याच्यापर्यंत गेल्या, आणि दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर मारायला लागल्या. "मेल्या, जिता हाईस की रं! जिता हाईस की!" मारता मारता त्याचे दंड घट्ट धरले आणि रडल्या. ज्याचा पेला कोनाड्यात असायचा त्याला त्यांनी असं धरलेलं सगळ्या गल्लीने पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "पायाखाली बगा."

त्याच्या दोन पावलांच्या मध्ये, वाळूत, काळंभोर लिंग होतं. सकाळी मशक भरताना पाण्याच्या ओढीने वाळू सरकली आणि ते दिसलं. दुसऱ्याने हात लावायचा नसतो हे त्याला ठाऊक होतं. सोडून गेलं तर धार त्याला पुढे नेईल हेही कळत होतं. म्हणून तो पावलांचा बांध करून उभा राहिला, आणि जवळून जाणाऱ्या कुंभाराला म्हणाला, "काकूला सांग, दगूड घावला." कुंभार पळत आला आणि वाटेत 'दगूड'चा 'दगडू' झाला.

काकूंनी वाकून ते उचललं, पदराने पुसलं, कपाळाला लावलं. काठावर बसून त्यांनी डाव्या तळहातावर त्याची पूजा केली, तशाच ओल्या लुगड्यात, आणि मग ओंजळभर पाणी प्यायल्या. दगडूमियाँचे पाय बधिर झाले होते. त्याला मी आणि कुंभाराने धरून बाहेर काढलं. त्याची बायको त्याला बडवत होती आणि हसत होती.

दोन-चार दिवसांनी ताकाचा पेला पुन्हा ओट्यावर आला. पेला कोनाड्यातलाच. तो काही नंतरही आत गेला नाही, मी उगाच खोटं कशाला लिहू?

काकू म्हणाल्या, "मेल्या, 'देव घावला' म्हनला अस्तास तर कुनी रडलं नस्तं."

"ते तोंडात येत न्हाई, काकू. झूट कसं बोलू?"

"आन मंग इतका येळ उबा कावून ऱ्हायलास? दगडासाठी?"

"दगडासाठी कोन उबं ऱ्हातंय." त्याने ताकाचा शेवटचा घोट घेतला. "तुमची अमानत व्हती."

"नमाज बुडाली आसंल तुजी."

"बुडाली. मागून पढली." मग जरा थांबून, "त्याला सांगितलं, पान्यात व्हतो."

त्यानंतर काकूंनी मला ते वस्त्र शिवायला दिलं. लिंग काही त्या दाखवणार नव्हत्या, आणि मीही मागितलं नसतं. माप काय म्हणून विचारलं तर मूठ मिटून दाखवली. त्या मुठीचं माप मी फितीने घेतलं. दुहेरी शिवण घातली, दोरा मेण लावून ओढला. इतकं लहान काम मी कधी केलं नव्हतं आणि इतक्या भीतीनेही नाही.

पण काकूंच्या मनातून एक गोष्ट जाईना. भाकऱ्या थापताना मधेच थांबायच्या. "कोकन्या, मी त्याच्यासाठी पडून व्हते, तवा मला उठवंना. आन दगडूसाठी पळत गेले. त्या घडीला ह्याची मला आठवन बी न्हवती. मंग मी कुनासाठी उठले रं?"

मी म्हणायचो, मला काय कळतंय, चौथी शिकलेला माणूस मी.

"मी तर ती बी न्हाई. म्हनून तर तुला इचारते."

त्यांनी स्वामींनाही विचारलं. स्वामी म्हणाले, शिव सगळ्यांत असतो, तोच तुला घेऊन गेला. काकूंनी नमस्कार केला. घरी येऊन म्हणाल्या, "स्वामींचं बराबर हाय. पन ते लई सोपं करून सांगतात." आणि गळ्यातल्याला म्हणाल्या, "तू राग धरलास का रं?" उत्तर आलं की नाही ते मला कळायचं नाही. पण त्या बराच वेळ कान देऊन बसायच्या.

अशी कितीतरी वर्षं गेली. मी घरी जाऊन आलो, दादाचे देव पाहून आलो, आणि परत बीडलाच आलो. एका फाल्गुनात काकू गेल्या. फार आजारी नव्हत्या. सकाळची पूजा झाली होती.

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. मी ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फुलांनी सजवलेल्या, विमान म्हणतात त्या पालखीत काकूंना बसवलं होतं, भस्म लावून, जणू दुकान उघडून बसल्या आहेत. स्वामींनी मी शिवलेलं वस्त्र सोडलं, लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. ते त्यांच्याबरोबरच गेलं. रस्त्यावर ऊन, धूळ उडत होती. विमानाच्या पुढे दगडूमियाँ मशकीचं तोंड सैल करून पाणी शिंपडत चालला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. लिंगायतांच्या स्मशानाच्या हद्दीपाशी आल्यावर तो बाजूला झाला, बाहेरच उभा राहिला. मी परत आलो तेव्हाही तो तिथेच होता, रिकामी मशक पाठीवर.

"झालं?"

"झालं."

"दोगं बी?"

"दोघंही."

आम्ही नदीपर्यंत चालत आलो. त्याने मशक भरायला घेतली. मग पाण्यातूनच मान वर करून म्हणाला, "आता तू कुनासंग हाईस बे, दर्जी?" मी पाण्यात उतरून मशकीचं तोंड धरलं. तो म्हणाला, "बरं. सांजंला ये घरी."

काही दिवस मी गेलो. त्याच्या ओट्यावर बसायचो. नंतर दुकान मोडलं आणि काम हैदराबादला मिळालं. आता इथेच शिवतो. शहर फार मोठं आहे आणि माझी ओळख फार थोड्यांशी. दगडूमियाँची खबर मिळायची तीही बंद झाली. देव अजून दादाच्या मुलाकडे, कोकणात. रागावलेत का ही भीती मात्र आता वाटत नाही.

कपडे शिवायला आलेलं एखादं गिऱ्हाईक माप देता देता विचारतं, मास्तर, इतक्या लांब एकटेच राहता का? तेव्हा माझा हात गळ्याकडे जातो. तिथे फीत असते. ती धरून मी थोडा थांबतो, आणि "हो" म्हणत नाही.